पाच फूट एक इंच उंची आणि साडेनऊ फुटांची काठी

मस्की नावाच्या मोठ्या माशासाठी गळाची काठी घ्यायची असं ठरवल्यापासून मनासारखी काठी हातात येईपर्यंत मला साडेपाच महिने लागले. या काळात दोन काठ्या विकत घेतल्या, त्यांतल्या एकीचं टोक मोडलं, खांद्यासाठी तीन वेळा फिजिओथेरपीला गेले आणि नवऱ्याचे टोमणे तर मोजलेच नाहीत. मी शोधाशोध करत होते तेव्हा माहिती भरपूर मिळाली, पण ती सांगणारा प्रत्येक जण सहा फूट उंच, पिकअप ट्रकवाला आणि स्वतःच्या बोटीचा मालक होता. माझ्याकडे यातलं काहीच नाही. तुमच्याकडेही नसेल तर कदाचित हे उपयोगी पडेल.

मी मूळची मालवणजवळची. लहानपणी आजोबांबरोबर खाडीवर गरवायला जायचे. बांबूची काठी, तिला दोरी, टोकाला गरी, गरीला कोळंबीचा तुकडा. मिळायचे ते बहुतेक काळुंदर, नशीब असेल तर तांबोशी. आजोबा काठी तासायचे तेव्हा मला ती धरायला लावायचे आणि म्हणायचे, "काठी हातात आसा ह्यां इसराक होया, मगेच मासो लागता." हे वाक्य पुढे मला बरंच महागात पडलेल्या अनुभवानंतर आठवलं, आधी नाही.

आता अकरा वर्षं अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसच्या उपनगरात राहते. सनफिश, बास वगैरे हलक्या काठीवर पकडायची सवय होती. 2023-24 चा हिवाळा इथे विलक्षण उबदार गेला, तळ्यांवर धड बर्फ धरेना. बर्फाला भोक पाडून मासे पकडणारे आमचे सत्तरीचे शेजारी घरात बसून कंटाळले होते. संक्रांतीच्या दिवशी त्यांना तिळगूळ द्यायला गेले तर ते गॅरेजमध्ये मस्कीसाठीची बनावट आमिषं पुसत बसले होते. एकेक आमिष आपल्या बांगड्याएवढं! म्हणाले, जूनपासून बोटीवर जागा आहे, पण काठी तुझी तू आण.

मस्की म्हणजे मस्केलंज. नाव मूळचं ओजिब्वे लोकांच्या भाषेतलं. त्यांच्या भाषेत पाइक माशाला 'किनोझे' म्हणतात, आणि त्याच शब्दावरून 'माश्किनोझे'. लांबोडकं धड, बदकासारखी चपटी मुस्कटं, आणि आत दातांच्या रांगा. स्वभावाने आपल्या मरळीसारखा, गवतात दबा धरून बसणारा. फरक असा की मरळ झडप घालते, आणि हा पुष्कळदा आमिषाच्या मागे मागे थेट बोटीपर्यंत येतो, बघतो आणि निघून जातो. म्हणून त्याला दहा हजार फेकींचा मासा म्हणतात.

हे दहा हजार मी तेव्हा नुसतं हसून सोडून दिलं. हिशोब नंतर केला. तीन औंसांचं आमिष म्हणजे साधारण 85 ग्रॅम. दहा हजार वेळा फेकलं म्हणजे साडेआठ क्विंटल माल हातांनी फेकला. आठ औंसांचं रबरी आमिष असेल तर पावणेतेवीस क्विंटल. काठी निवडताना माशाचं वजन विचारात घ्यायचं नाही, हे वजन घ्यायचं. पण हे कळायला एप्रिल उजाडला.

10 फेब्रुवारीला पहिली काठी घेतली. वापरलेल्या वस्तूंच्या एका साइटवर मिळाली. साडेनऊ फूट, एकसंध, ताकद एक्स्ट्रा एक्स्ट्रा हेवी, किंमत 120 डॉलर. नवी तिप्पट महाग असते असं विकणारा म्हणाला आणि मला तेवढं पुरलं. मासा मोठा तर काठीही दणकट हवी, असा माझा सरळ हिशोब. पैसे मोजले, काठी घेतली, आणि मग लक्षात आलं की माझी गाडी कोरोला आहे. साडेनऊ फुटांची काठी कोरोलात मावत नाही. डाव्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यातून तिरकी घालून उजव्या बाजूची पुढची काच उघडली, टोक हातभर बाहेर काढलं आणि चाळीस मिनिटं थंड वारा खात घरी आले. टोकाला लाल फडकं बांधायची अक्कल मात्र होती.

1 मार्चला परवाना काढला. मिनेसोटात मासेमारीच्या परवान्याचं वर्ष 1 मार्चला सुरू होतं, त्यामुळे फेब्रुवारीत घाईने काढू नका, महिन्याभरात संपेल. 2024 साली रहिवाशाला वर्षाचे 25 डॉलर आणि वर थोडं शुल्क होतं. रहिवासी म्हणून काढायचा तर राज्यात सलग 60 दिवस राहिलेलं असावं लागतं, नाहीतर परराज्यातल्यांचा दर लागतो, तो बराच जास्त आहे. ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात. मासे पकडायला सोशल सिक्युरिटी नंबर कशाला म्हणून मी बिचकले होते. पोटगी थकवणाऱ्यांना शोधण्याच्या एका कायद्यामुळे तो मागतात असं कळलं. ऑनलाइन दहा मिनिटांत काम झालं. मस्कीसाठी वेगळा शिक्का लागत नाही. त्याच बैठकीत नियमपुस्तिकाही वाचून काढा. मस्कीचा मोसम जूनच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे 2024 साली 1 जूनला, आणि 1 डिसेंबरपर्यंत चालतो. 54 इंचांपेक्षा, म्हणजे 137 सेंटिमीटरपेक्षा लहान मस्की ठेवून घेता येत नाही. त्याहून मोठा सापडला तर एकच. थोडक्यात, सोडायची तयारी ठेवूनच जायचं.

मार्चअखेरीस मैदानावर सराव सुरू केला. आमिषाचे गळ कटरने तोडून टाकले, गवतात एक जुना टॉवेल अंथरला आणि त्यावर नेम धरून फेकायला लागले. रील, म्हणजे दोरी गुंडाळायचं यंत्र, नवं घेतलं होतं, 190 डॉलरचं, चारशे साइझचं. त्यावर 80 पौंडांची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, विणलेली दोरी. या रीलवर अंगठ्याने वेळेत दाब दिला नाही तर चक्र दोरीपेक्षा जोरात फिरतं आणि आत असा गुंता होतो की डोक्यातल्या जटा बऱ्या. पहिल्या दिवशी फेकण्यात वीस मिनिटं गेली आणि गुंता सोडवण्यात दीड तास.

खरी अडचण मात्र रीलची नव्हतीच. आमिष लांब जातच नव्हतं. तीन औंसांचं बकटेल, म्हणजे पितळी पंखे आणि झुबका लावलेलं आमिष, जोर लावून फेकलं तरी वीस-पंचवीस पावलांवर पडायचं. मला वाटायचं ताकद कमी पडते, म्हणून आणखी जोर. आणि दर फेकीला काठीच्या मुठीचा मागचा दांडा बरगडीत किंवा कोपरावर आपटायचा. आठवड्याभरात उजवा हात वेणी घालण्याइतकाही वर जाईना.

9 एप्रिलला गुढीपाडवा. आमची गुढीची काठी हिवाळ्यात बर्फ झाडताना मोडली होती. नवरा गंभीर चेहऱ्याने गॅरेजमध्ये गेला, साडेनऊ फुटी रॉड घेऊन आला आणि म्हणाला, हिचा शेवटी काहीतरी उपयोग सापडला. मी ओरडले, पण खरं सांगू, गुढी तिच्यावर झकास दिसली असती.

फिजिओथेरपीच्या तीन फेऱ्या झाल्या. विमा होता, तरी दर वेळी 40 डॉलर खिशातून. थेरपिस्ट बाईंना काय सांगावं कळेना, मी 'बागकाम' म्हटलं. दुसऱ्या खेपेला खरं सांगितलं. त्यांनी मला छत्री हातात देऊन फेकून दाखवायला सांगितलं आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, तुमची काठी वाकत नाहीये, म्हणून तुमचा खांदा वाकतोय. बाईंनी आयुष्यात मासा पकडला नव्हता, पण माझं निदान त्यांनीच केलं.

घरी येऊन काठीवर छापलेली अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली. मुठीच्या वर एका ओळीत सगळं असतं: लांबी, ताकद, अ‍ॅक्शन, दोरी किती पौंडांची, आणि आमिष किती औंसांचं. माझ्या काठीवर आमिष 6 ते 16 औंस असं होतं. एक पौंडी रबरी धूड फेकण्यासाठी बनवलेल्या काठीने मी तीन औंस फेकत होते. काठी आमिषाच्या भाराने मागे वाकते आणि सरळ होताना ते भिरकावते. भारच नसेल तर ती वाकणार कशी? मग फेकायचं काम माणसाच्या हाडांना करावं लागतं. ताकद आणि अ‍ॅक्शन या दोन शब्दांत माझा कायम घोळ व्हायचा. ताकद म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो, अ‍ॅक्शन म्हणजे ती कुठे वाकते. फास्ट म्हणजे टोकाकडे, मॉडरेट म्हणजे मधल्या भागापर्यंत. आणखी एक गोष्ट. एका कंपनीची हेवी ती दुसरीची मीडियम हेवी असू शकते, याला सर्वमान्य मोजमाप नाही. म्हणून शब्दांवर जाऊ नका, औंसांचा आकडा बघा.

20 एप्रिलला शेजाऱ्यांच्या ओळखीने मस्कीवाल्यांच्या एका गटाला भेटले. इथे या वेडाला जुनी परंपरा आहे. 'मस्कीज इंक' ही संस्था 1966 साली याच भागात सुरू झाली, मस्की पकडून सोडून देण्याचा प्रघात रुजवण्यात तिचा मोठा वाटा आहे. वाहनतळावर चार जणांनी आपापल्या काठ्या मला फेकून बघायला दिल्या. एकानेही 'बायकांसाठी हलकी' असलं काही म्हटलं नाही, हे नोंदवून ठेवते. साडेआठ फुटांची हेवी काठी, आमिषाचा आकडा 2 ते 8 औंस, हातात घेऊन तेच बकटेल फेकलं. कमी जोरात दुप्पट लांब गेलं. मी उगाच मागे वळून पाहिलं, कुणी ढकललं का म्हणून.

4 मेला दुकानात गेले. या वेळी रील, बकटेल आणि शिवणाची टेप पिशवीत घालून. हे तिन्ही न्याच. दुकानातल्या माणसाने तीन प्रश्न विचारले: दिवसभर जास्तीत जास्त काय फेकणार, बोटीच्या कडा पाण्यापासून किती उंच, आणि काठी घरी कशी नेणार? तिसरा प्रश्न ऐकून मी त्याच्या पाया पडायची बाकी होते.

लांबीचं काय ते इथेच सांगते, कारण बुटक्या माणसाने छोटी काठी घ्यावी असं मलाही वाटत होतं. मस्की बोटीपर्यंत मागे मागे येतो म्हटलं ना, तेव्हा आमिष पाण्याबाहेर काढायचं नसतं. काठीचं टोक पाण्यात बुडवून मोठा इंग्रजी आठ काढत राहायचं. वळण रुंद असेल तर लांबोडका मासा वळू शकतो, अरुंद असेल तर आमिष त्याच्या नजरेतून निसटतं. काठी जितकी लांब, तितका हा आठ मोठा. म्हणून मस्कीच्या काठ्या आठ ते साडेनऊ फुटांच्या असतात. बुटक्या माणसाला नडते ती पुढची लांबी नाही, मागचा दांडा. रीलपासून काठीच्या बुंध्यापर्यंतचं अंतर मोजा. माझ्या पहिल्या काठीचा बुंधा काखेच्या मागे जात होता. नवीत तो कोपराच्या जरासा मागे टेकतो, बरगड्या शाबूत राहतात.

मग रील चढवून काठी एका हातात धरली. टोक खाली पडत असेल तर मनगट तासाभरात बोलायला लागतं. बकटेल टोकाला लटकवून हळूच झुलवलं, वरचा तिसरा हिस्सा छान वाकला. घेतली ती टेलिस्कोपिक होती, म्हणजे खालचा भाग मुठीत सरकतो आणि साडेआठ फुटांची काठी सात फुटांखाली येते. कोरोलात पुढची सीट पाडून अलगद बसली. किंमत 230 डॉलर, आमच्या भागातला साडेआठ टक्के विक्रीकर धरून 250. याहून स्वस्तात चांगल्या मिळतात, पाचशेच्याही मिळतात. पहिल्या काठीला पाचशे घालू नका एवढंच म्हणेन. उरलेले पैसे जाळं, लांब तोंडाची पक्कड आणि गळ तोडायच्या कटरकडे जाऊ द्या. हे तीन नसतील तर मस्कीच्या वाटेला जाऊच नये. दोरीच्या टोकाला जाड फ्लुरोकार्बन धाग्याचा किंवा तारेचा लीडर, म्हणजे आमिषाआधीचा दणकट तुकडाही हवाच, नुसती दोरी त्या दातांपुढे सुतळीसारखी.

इथे गोष्ट संपायला हवी होती. 18 मेला मी नवी काठी दिवाणखान्यात नवऱ्याला दाखवत होते. काठी पूर्ण उघडलेली. वर पंखा चालू.

आवाज फार मोठा झाला नाही. टोकाकडची सहा इंच तुटून सोफ्यामागे गेली. नवरा त्या दिवशी एक शब्द बोलला नाही, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समजा.

वॉरंटीची भानगड अशी. काठी विकत घेतल्यावर तीस दिवसांत कंपनीकडे नोंदणी करायची होती, ती नशिबाने केली होती. मुठीजवळचा क्रमांक, पावतीचा फोटो, तुटलेल्या भागाचा फोटो आणि काय घडलं त्याचं वर्णन. मी खरं ते लिहिलं, पंखा. चूक माझी, त्यामुळे फुकट बदलून मिळणार नव्हती, 75 डॉलर भरून मिळणार होती. पाठवणावळ 38 डॉलर वेगळी. एकसंध लांब काठी असती तर तीही कितीतरी जास्त पडली असती, लांब पार्सलला जादा आकार लागतो. 21 मेला पाठवली. 'पंधरा कामाचे दिवस' असं उत्तर आलं. पंधरा दिवस उलटल्यावर आणखी एक मेल आली, तीत पुन्हा पंधरा कामाचे दिवस. काठी दारात आली 28 जूनला. पावती, क्रमांक आणि नोंदणीचा स्क्रीनशॉट एकाच ठिकाणी ठेवा. आणि काठी कधीही घराबाहेरच उघडा.

त्यामुळे 1 जूनला, मोसमाच्या पहिल्या दिवशी, मी शेजाऱ्यांची जुनी सात फुटी काठी आणि त्यांचं 'अँबॅसडर' नावाचं गोल रील घेऊन मिनेटोंका तळ्यावर उभी होते. पहाटे पाचला निघालो. सातच्या सुमारास गवताच्या कडेने बकटेल ओढत आणलं आणि त्यामागे पाण्यात एक लाकूड आलं. लाकडाला डोळे होते. हातपाय गळणे म्हणजे काय ते त्या क्षणी कळलं. आठ काढायला गेले, पण छोट्या काठीचा आठ भाकरीएवढा झाला. पहिल्या वळणाला मासा सरळ पुढे गेला आणि खाली दिसेनासा झाला. शेजारी म्हणाले, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव उरल्या.

जुलैत नव्या काठीवर सात-आठ सकाळी काढल्या. काठी वापरायच्या आधी टेलिस्कोपिक जोड पूर्ण ओढून, दोरी ज्यांतून जाते त्या कड्या सरळ रेषेत आहेत ना बघून घ्यायचं, नाहीतर फेकताना जोड फिरतो. घरी परतताना दरवेळी बोटीचं बूच काढून पाणी सोडायचं, ट्रेलरवरचं गवत झाडायचं. हा कायदा आहे, उपद्रवी झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. महिन्याच्या शेवटी पाणी 80 फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 27 सेल्सियसच्या, वर गेलं आणि शेजाऱ्यांनी बोट झाकून ठेवली. इतक्या गरम पाण्यात दमलेला मस्की सोडला तरी जगेलच असं नाही. मला रुखरुख लागली, पण काठीइतकाच हाही नियम समजून घ्यायचा भाग आहे. सप्टेंबरमध्ये गणपतीचे पाच दिवस गळाला हात लावला नाही.

21 सप्टेंबर, शनिवार. सकाळी साडेनऊ वाजले असतील. फेकी मोजणं मी दोन हजारांच्या आसपास सोडून दिलं होतं. चार तास झाले होते आणि खांदा दुखत नव्हता, हे तेव्हा लक्षातही आलं नाही. आठाच्या दुसऱ्या वळणावर पाणी फाटलं. काठी मुठीपर्यंत वाकली, आणि मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. शेजाऱ्यांनी जाळं घातलं. मासा जाळ्यात, जाळं पाण्यात, एक गळ कटरने तोडला. 39 इंच. इथल्या हिशोबाने मध्यमच. पाण्याबाहेर जेमतेम फोटोपुरता काढला, मग शेपटीजवळ धरून ठेवला. त्याने एक झटका दिला आणि माझी बाही भिजवून गेला.

साडेनऊ फुटी काठी ऑक्टोबरमध्ये 90 डॉलरला विकली. घेणारा साडेसहा फूट उंच होता. त्याने माझ्या अंगणात एकदा फेकून बघितलं आणि काठी त्याच्या हातात एकदम शोभली.

मासा पकडला त्या रात्री आईला मालवणात फोन लावला. तिच्याकडे रविवारची सकाळ, ती बाजारातून नुकतीच आली होती. फोटो बघितला, आकार विचारला, दात बघून 'देवा रे' म्हणाली. मग आवाजात आशा आणून विचारलं, "कालवण केलंस की तळलंस?"

सोडला म्हटलं.

पलीकडे बराच वेळ काही नाही. नळाचा आवाज तेवढा येत होता.

"मगे गेल्लंस कित्याक?"